शेजारचे जिल्हे आणि शाळेंतील मुलें

सन १९०६ पर्यंत एकच असलेल्या खानदेशाचे आज तीन जिल्हे आहेत. सन २०११ च्या खानेसुमारींत सात वर्षांवरील शंभर माणसांत साक्षर जळगांवीं ७८, धुळ्यास ७३ व नंदुरबारास ६४ भरले. म्हणून वरणगांवच्या मुलास धडगांवच्या मुलाहून बुद्धि अधिक, असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वरणगांवाकडील लेवा बोली पुस्तकी मराठीस पुष्कळ जवळची आहे. सातपुड्यांतील मूल घरीं भिली किंवा पावरी बोलतें. त्यास धड्याआधीं भाषाच शिकावी लागते. जें आपण कष्टानें मिळविलें नाहीं, त्याचा गर्व कसा करावा? प्रिय वाचकहो, पुढें असणें हें एक ऋणच आहे. डोंगरांत शिकविणाऱ्यानें प्रथम मुलांची बोली शिकावी. तें फेडण्याचा आरंभ तेथेंच आहे.