दोष सांगावा कोणी, ऐकावा कोणी

दुसऱ्याच्या कामातला दोष बोलून दाखवणे ही निंदा कधी ठरते आणि उपकार कधी, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत जुना आहे. नवे वेब ॲप किंवा सॉफ्टवेअरचे नवे साधन लोकांच्या हाती पडते तेव्हा तो नव्याने उभा राहतो. बनवणारा अर्धे-कच्चे काम पुढे ठेवून ‘बघा आणि सांगा’ म्हणतो. वापरणारा दोन ओळी खरडतो. पुष्कळदा दोघेही मनात अढी धरून आपापल्या वाटेने जातात.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. त्यात शब्दच्छलही खपतो. स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे नुसते खोडत राहणे म्हणजे वितंडा. ॲपवरचा अभिप्राय वरवर पाहता तिसऱ्या प्रकारात बसतो. वापरणाऱ्याकडे पर्यायी रचना नसते. हे जमत नाही, एवढेच तो म्हणतो. त्यावर बनवणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते: ‘मग तुम्हीच करून दाखवा.’ हे उत्तर टिकणारे नाही. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात आपली स्वतःची कोणतीही प्रतिज्ञा नाही असे सांगूनच प्रतिपक्षाचे खंडन केले. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, ते पटले नाही, आणि तत्त्वज्ञानाच्या आखाड्यात त्यांची तक्रार रास्तही असेल. वापरायच्या वस्तूबाबत मात्र नागार्जुनाचे पारडे जड आहे. जोडा चावतो हे सांगायला जोडा शिवता यावा लागत नाही.

दोष सांगण्याच्या या अधिकाराला मर्यादा आहे, आणि ती ज्ञानाची साधने तपासणाऱ्या प्रमाणशास्त्राने नेमकी दाखवता येते. एखाद्या पतसंस्थेचे सभासद-नोंदणीचे ॲप आहे असे समजू. काउंटरवरचा कर्मचारी ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव शोधतो. काल भरलेली नोंद सापडत नाही. तो कळवतो: ‘डेटा उडाला, सर्व्हरमध्ये गडबड आहे.’ प्रोग्रामर सर्व्हर तपासतो, सगळे जागच्या जागी असते, आणि ‘तुमच्याकडूनच काहीतरी चुकले असेल’ म्हणून तो तक्रार बंद करतो. खरी भानगड त्या अर्ध्या र मध्ये असते. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे साठवता येतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे. नोंद एका कळफलकावरून झाली, शोध दुसऱ्यावरून.

इथे ‘नाव सापडत नाही’ हे कर्मचाऱ्याचे प्रत्यक्ष होते, आणि त्यावर कोणाही प्रोग्रामरला शंका घेता येत नाही. ‘डेटा उडाला’ हे त्याचे अनुमान होते, आणि ते चुकले. प्रोग्रामरने चुकलेल्या अनुमानासोबत खरे प्रत्यक्षही केराच्या टोपलीत टाकले. अभिप्रायाच्या व्यवहारातले निम्मे तंटे या एका घोटाळ्यातून उपजत असावेत. सांगणाऱ्याने काय केले, काय दिसले, काय दिसायला हवे होते, हे आधी लिहावे. कारण काय असेल हा तर्क त्यानंतर, तर्क म्हणूनच. ऐकणाऱ्याने तर्क खुशाल खोडावा, पण दिसलेल्या गोष्टीला हात लावू नये.

सांगण्याच्या रीतीबद्दल बौद्ध विनयाइतका बारकाईचा विचार क्वचितच कुठे सापडतो. दुसऱ्या भिक्षूचा दोष काढणाऱ्यासाठी तिथे पाच अटी आहेत: योग्य वेळी बोलावे, घडले तेच बोलावे, मृदुपणे बोलावे, हिताचे बोलावे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. शिवाय तोंड उघडण्याआधी त्या भिक्षूची परवानगी घ्यायची. सॉफ्टवेअरच्या जगात पहिल्या अटीचे सर्वांत जास्त हाल होतात. आराखडा कागदावर असताना लोक बटणाच्या रंगावर बोलतात, आणि सगळी बांधणी पक्की झाल्यावर कोणीतरी सांगते की मुळात गरजच वेगळी होती. मृदुपणाचा अर्थही सोयीने लावला जातो. ओळखीतल्या कोणाचे ॲप आले की व्हॉट्सॲपवर अंगठे आणि ‘मस्त, अभिनंदन’ यांचा पाऊस पडतो. त्यातल्या निम्म्यांनी ते उघडूनही पाहिलेले नसते. असे बोलणे मृदू असते, मैत्रीचेही असते, पण घडलेले नसते आणि हिताचेही नसते. पाच अटी एकत्रच पाळायच्या आहेत. सोपी तेवढी उचलून भागत नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूला याच परंपरेत पवारणा आहे. वर्षावास संपला की प्रत्येक भिक्षू संघापुढे तीनदा विनंती करतो: माझ्यात दोष दिसला असेल, कानावर आला असेल किंवा नुसती शंका आली असेल, तरी सांगा. थोर-वडीलही यातून सुटत नाहीत. माझ्या वागण्या-बोलण्यात काही वावगे दिसते का, असे खुद्द बुद्धाने भिक्षूंना विचारल्याचे सूत्र संयुत्तनिकायात आहे. इथे मागणी दोषाचीच आहे, आणि शंकेलाही दार उघडे आहे. दोन मिनिटे वापरले-न वापरले तोच पडद्यावर उगवणारी पाच चांदण्यांची खिडकी यात मोडत नाही. तिला दोष नको असतो, शाबासकी हवी असते.

मागणी आणि रीत यांतला तणाव लिनक्सच्या इतिहासात स्वच्छ दिसतो. ऑगस्ट 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने छंद म्हणून करत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची खबर दिली, तीच मिनिक्स या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममधले काय आवडते आणि काय नाही हे विचारत. हा माणूस पुढे इतरांच्या कामावर इतके जहाल लिहू लागला की सप्टेंबर 2018 मध्ये त्याने जाहीर माफी मागून काही काळ कामातून रजा घेतली. त्याचे तांत्रिक आक्षेप बरोबर असत, असे त्याचे पाठीराखे सांगतात. ते मान्य केले तरी पाचातल्या दोन-तीन अटीच पुऱ्या होतात.

दोष स्वीकारण्याचा सर्वांत पद्धतशीर नमुना संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथचा. आपल्या पुस्तकात चूक काढणाऱ्याला त्याने 2.56 डॉलरचा धनादेश देऊ केला. त्याच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममधल्या चुकीचे बक्षीस तेवढ्यावरच सुरू होऊन दरवर्षी दुप्पट होत 327.68 डॉलरवर थांबले. अनेकांनी ते धनादेश वटवलेच नाहीत, चौकटीत लावून ठेवले. 1989 मध्ये त्याने टेकमधल्या स्वतःच्या चुकांची वर्गवारी करून एक निबंधच छापला. करणारा आणि केलेले काम यांत एवढे अंतर राखणे गीतेतल्या निष्काम कर्माशी जुळते खरे. पण ‘मी माझे केले, पुढे काय व्हायचे ते होवो’ हा त्याचा अर्थ नव्हे. कनूथ एकेका तक्रारीची शहानिशा करत राहिला.

ऐकण्याला शेवट असावा का, याचेही उत्तर त्याने देऊन ठेवले आहे. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीनंतर पाय (π) या संख्येच्या एकेक अंक जवळ सरकतो. आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक नेमका पाय करावा आणि उरलेले दोष वैशिष्ट्ये समजावीत, असे त्याने लिहिले आहे. आज जुळवलेले पान पुढेही जसेच्या तसे निघावे, हा त्यामागचा हेतू. एखाद्या साधनावर पुष्कळांचे काम विसंबून राहिले की त्यातल्या खोडीही त्यांच्या कामाचा भाग होतात, आणि दुरुस्तीने एकाचे भले होताना दुसऱ्याचे बिघडते. ज्याला बदल हवा त्याने वेगळ्या नावाने नवा प्रोग्राम करावा, ही मुभा कनूथने ठेवली. पीडीएफटेक आणि लुआटेक त्याच वाटेने आले.