गुरुवारचं काम

भोसरी एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. पण मेंटेनन्सवाल्यांचं खरं काम त्याच दिवशी, कारण प्रेस बंद असते तेव्हाच तिच्या पोटात हात घालता येतो. काकांची नोकरी अशीच सरली. बाकीचे गुरुवारी बायकापोरांना घेऊन तुळशीबागेत आणि हे ग्रीसगन घेऊन प्रेसखाली.

आता प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता आणि काका निगडीच्या दोन खोल्यांत पलंगाला खिळले होते. मुलगा चाकणला, कंपनीच्या बसने कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घरी येणाऱ्या सिस्टरला काकांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "मॉर्फिन नको. ते शेवटचं असतं. अगदीच सहन होईना तर बघू." अंग पुसायलाही नकार. "माझं मी करतो." प्रत्यक्षात सगळं काकू करत होत्या.

सिस्टरला हे नवं नव्हतं. पॅलिएटिव्ह केअर म्हटलं की घरोघरी एकच अर्थ निघतो : डॉक्टरांनी हात टेकले. वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतंय, तरी त्याचं नाव काढताना नातेवाईक आवाज खाली आणतात. मॉर्फिन तर त्याहून बदनाम. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते मिळणंच मुश्किल झालं; २०१४ मध्ये नियम सैल झाले, धास्ती मात्र राहिली. तरीही सिस्टरने वाद घातला नाही. (वेदनेने पिळवटलेल्या माणसाशी वाद घालण्यात कसलं आलंय शहाणपण?)

"काका, प्रेसला ग्रीस कधी द्यायचात? कुरकुरायला लागल्यावर?"

काका उखडलेच. "कुरकुरेपर्यंत थांबलात तर बुश गेलाच म्हणून समजा! प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक असतं, बाई. आवाज येवो न येवो, ठरल्या दिवशी ग्रीस म्हणजे ग्रीस."

"ही गोळी तशीच. दुखणं एकदा वर चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं. म्हणून दर चार तासांनी घ्यायची, दुखो न दुखो. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली साँडर्सनी हेच लावून धरलं. त्याही आधी नर्सच होत्या, नंतर डॉक्टर झाल्या."

"आणि सवय लागली तर?"

"दुखण्यापुरतं मोजून दिलं तर व्यसन लागणं विरळा. पोट मात्र धरतं, त्यासाठी रोज वेगळं औषध आहे."

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रजिस्टर कुठाय?"

नातवाची अर्धी कोरी वही मिळाली. काकांनी पट्टी मागून घेतली आणि हात थरथरत असतानाही रकाने आखले : वेळ, काम, कुणी केलं, शेरा, सही. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. रात्री दहाला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कुणाला उठायला नको. त्याखाली कुणी न सांगता त्यांनीच लिहिलं, 'कूस बदलणे, दर दोन तासांनी. अंग पुसणे, टाचा तपासणे, गुरुवारी सिस्टर.' तेव्हापासून सिस्टरने टॉवेल पिळला की पलंगावरून हुकूम सुटायचे. पाणी कोमट आहे ना? डावीकडून सुरुवात करा. पाठीला हात लागल्यावर डोळे घट्ट मिटायचे, पण नाही म्हणायचे नाहीत. सही झोकात.

झोपही लागू लागली. एकदा मुलाने दुपारचा डोस वीस मिनिटं उशिरा दिला, तर शेऱ्यात त्याच्या नावाने लाल शाईची ओळ पडली.

असाच एक गुरुवार. काकांची कूस बदलता बदलता काकू कंबर धरून मटकन खाली बसल्या. सिस्टर धावली.

"काकू, बघू जरा. किती दिवस दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय! मला काही नको. आधी ह्यांचं बघा."

काकांनी उशाखालची वही ओढून सिस्टरपुढे धरली.

"मीसुद्धा हेच म्हणत होतो. सिस्टर, हिच्या नावाचं नवं पान काढा. आणि सही हिलाच करायला लावा."