आजाऱ्याच्या उशाशी



पूर्वी गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा निघत असे. तो ओढत नेऊन शिवेबाहेर सोडायचा. रोग मात्र पाण्यातून येत होता, तो पाण्यातच राही. आणि घरात तळमळणाऱ्या रोग्याजवळ कोणी बसायचे, याचे उत्तर त्या गाड्यात नव्हते. दीक्षा घेताना आपण मरीआई सोडली. मग साथ आली तर बौद्धाने करावे काय?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्धांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग भिक्खूंना बजावले की, माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची करावी.

चांगल्या शुश्रूषकाचे 5 गुणही तेथेच सांगितले आहेत. औषध सिद्ध करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने करावी, मलमूत्राची व ओकारीची किळस नसावी, आणि धम्माच्या शब्दांनी रोग्याचे मन उल्हसित करावे.

2020 च्या कोरोना साथीत हे गुण पाहावयास मिळाले ते इस्पितळात. अंगावर किट चढविले की कित्येक तास परिचारिकेला पाणी नाही, लघवीला जाणे नाही. चष्म्यावर वाफ धरते, शीर सापडत नाही. श्वास अडलेल्या रोग्याला चौघीपाचजणींनी मिळून, नळ्या सांभाळत पालथे करायचे. नातेवाइकांना आत मज्जाव; म्हणून मरणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल तिनेच धरायचा. पाचवा गुण तो हाच. तिने त्रिशरण कधी ऐकले नसेल, त्याने काय बिघडते?

सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगात पुण्याजवळ हेच करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. त्यांनाही प्लेग झाला व 10 मार्चला त्या गेल्या.

22 मार्च 2020 रोजी देशाने थाळ्या वाजविल्या. त्याच दिवसांत कित्येक घरमालकांनी परिचारिकांना खोली सोडण्यास सांगितले. संसर्गापासून जपणे निराळे. त्याला मुखपट्टी, साबण आणि ठराविक दिवसांचे अंतर असते. माणसालाच विटाळ मानणे निराळे. हा फरक आपल्याला तरी कोणी शिकवावयास नको. पण आपल्या वस्तीत इस्पितळातून परतलेल्या आयाबाईला पाहून कोणी दार लावले नाही, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू का?

विनयात रोग्यालाही कर्तव्य सांगितले आहे: औषध घ्यावे, दुखणे असेल तसे सांगावे. साथीत पुष्कळांनी ताप लपविला. त्यात दोष लपविणाऱ्याचा किती आणि त्याला धाक घालणाऱ्या शेजाऱ्याचा किती, हे येत्या पौर्णिमेला विहारात बसून बोलावे.