देवाला सांगितलं, घरात सांगायचं का?

शंका : मी गंगाखेड तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, माळकरी. मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि त्यापोटी दोन एकराचं खरेदीखत करून दिलं. घरात कुणाला ठाऊक नाही. बायकोनं विचारलं नाही, म्हणून मी खोटंही बोललो नाही. दर एकादशीला गंगेत अंघोळ करून जनाबाईच्या देवळात सगळं कबूल करतो. तरी झोप नाही. देवापुढं सांगितलेलं पुरत नाही का?

समाधान : ते वाया गेलेलं नाही. जनाबाईनं आपले कष्ट, एकटेपण, देवावरचा रागसुद्धा विठोबालाच ऐकवला. पण ते दुःख तिचं स्वतःचं होतं. तुमच्या गुपितात बायकोचीही भाकर आहे. तिच्या वतीनं देवाकडून माफी घेता येत नाही. तिनं विचारलं नाही ते विश्वासापोटी. त्या विश्वासाच्या आड लपणं मला खोटं बोलण्याइतकंच जड वाटतं.

झोपेचं म्हणाल, तर मायकेल स्लेपियन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये गुपितांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. समोरच्यापासून गोष्ट दडवायची वेळ माणसावर त्या मानानं कमी येते. एकटं असताना मन पुन्हा पुन्हा तिकडं जातं, आणि माणूस खचतो तो त्यानं. देवळातून परतल्यावर तुम्ही पुन्हा एकटेच उरता.

पारावर किंवा दिंडीत बोलू नका. आधी बायकोला सांगा, दिवसाउजेडी, कागद समोर ठेवून, व्याजासकट पूर्ण रकमेसह. निम्मं सांगाल तर उरलेलं निम्मं पुन्हा छातीवर बसेल. ती चिडेल, रडेल, अबोला धरेल. तो तिचा हक्क आहे, तो सोसा. सासरी गेलेल्या लेकीला मात्र आपल्या लग्नापायी जमीन गेली असं वाटू देऊ नका. कर्ज तिनं काढलेलं नाही.

जीव नकोसा झाल्याचा विचार मनात येत असेल, तर आजच बायकोला तेही सांगा आणि १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो.

आणि सावकाराकडं परवाना आहे का ते बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन चौकशीअंती परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. अर्ज परभणीला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. जाताना बायकोला सोबत न्या.