तांबं आहे, पण साठा नाही

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी जिलेबी मोडता मोडता एक विधान केलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. "एवढा लाव्हा ओतला गेलाय आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे धातू असणारच. खोदायची कुणाची इच्छा नाही, दुसरं काय!" विधान सपशेल चुकीचं असतं तर मी मुकाट्यानं मठ्ठ्याकडे वळलो असतो. ते अर्धं बरोबर होतं, हीच पंचाईत.

दख्खनच्या ज्वालामुखीची गोष्ट शाळेत सगळ्यांनी घोकलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्ह्याचे थरांवर थर साचले, झीज होऊन आज जे उरलंय तेही पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे, आणि राज्याचा जवळजवळ ८० टक्के भाग त्याच काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा, आहे. या दगडात तांबं असतं का? असतं. एका टनात साधारण शंभर-दोनशे ग्रॅम. सरासरी दीडशे धरली तर एका घन किलोमीटर बेसॉल्टमध्ये चार लाख टनांहून जास्त तांबं भरतं. लोखंडाचं तर विचारूच नका, वजनाच्या नऊ-दहा टक्के. अभियंत्यांना हे आकडे मिळाले असते तर त्यांनी पंगतीतच ठराव मांडला असता.

पण असणं वेगळं आणि साठणं वेगळं. हा भेद मला फार प्रिय आहे. घरच्यांना तो ऐकून कंटाळा आलाय. खाणीला धातूची एकूण रक्कम लागत नाही, एका जागी झालेली गर्दी लागते. चिलीतल्या तांब्याच्या अवाढव्य खाणींमध्येसुद्धा टनामागे चार-पाच किलो तांबं मिळालं तरी काम फायद्याचं ठरतं. आपल्या दगडापेक्षा पंचवीस-पन्नास पट, बस इतकंच. पण ती पंचवीस पट करणारा कुणीतरी लागतो.

चिलीत ते कुणी केलं? समुद्राचा तळ दक्षिण अमेरिकेखाली सरकत राहिला, त्याच्याबरोबर पाणीही खाली गेलं, आणि त्या पाण्यानं भारलेला शिलारस अँडीज पर्वताखाली वर चढू लागला. वाटेत पुष्कळसा शिलारस अडला. पृष्ठभागाखाली काही किलोमीटरांवर तो थिजत असताना त्यातलं पाणी बाहेर फुटलं आणि जाताना तांबं, गंधक, क्लोरीन घेऊन निघालं. माथ्यावरच्या खडकाला हजारो बारीक चिरा पडल्या आणि थंड होत चाललेल्या पाण्यानं आपलं ओझं त्या चिरांत टाकलं. चुकीकामाता आणि एल तेनिएन्ते या खाणी अशा चिरांच्या जाळ्यांत आहेत. यावरून मी एक सिद्धांत बांधला होता: उफाळलेला शिलारस देखावा करतो, अडलेला शिलारस धातू देतो. दख्खनचा लाव्हा तर मोकळ्या हातानं बाहेर ओतला गेला, शिवाय मुळातच कोरडा. त्याच्याकडे काय मागायचं?

पाण्याचा विषय निघालाच आहे तर वेर्नरबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अब्राहम गोटलोब वेर्नर हे जर्मनीतल्या फ्रायबेर्गच्या खाणविद्यालयातले अठराव्या शतकातले थोर शिक्षक. जवळजवळ सगळे खडक, बेसॉल्टसुद्धा, आदिम समुद्रातून खाली बसले असं त्यांचं मत होतं. धातूच्या शिरा म्हणजे वरून झिरपलेल्या समुद्रजलानं भरलेल्या भेगा, असं त्यांनी १७९१ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. स्कॉटलंडचे जेम्स हटन याच्या नेमके उलट: शिरांमधलं सगळं खालून वितळून वर आलेलं. बेसॉल्टच्या बाबतीत वेर्नर साफ हरले. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट आणि लिओपोल्ड फॉन बुख हे त्यांचेच विद्यार्थी ज्वालामुखी पाहून आले आणि गुरूंचा पक्ष सोडते झाले. इतिहास हटन यांच्या गळ्यात माळ घालून पुढे गेला. मात्र फ्रायबेर्गच्या ज्या रुपेरी शिरांवर वेर्नर यांनी आयुष्य काढलं, त्या गरम पाण्यानंच भरलेल्या निघाल्या. पाण्याची दिशा चुकली, पाणी चुकलं नव्हतं. मला वेर्नर यांचा थोडा पुळका आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

असो. माझा सिद्धांत सुखानं नांदत असताना अभियंत्यांनी मोबाइलवर एकच शब्द पाठवला: नोरिल्स्क. पुढे तीन उद्गारचिन्हं.

आता मात्र पंचाईत झाली. सायबेरियातलं नोरिल्स्क म्हणजे निकेल आणि पॅलेडियमचं जगातलं अग्रगण्य ठिकाण, आणि ते आपल्यासारख्याच बेसॉल्टच्या प्रदेशात आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियातही असाच लाव्ह्याचा पूर आला होता. तिथे शिलारस अडून बसला नव्हता. ज्या वाटांमधून तो वर धावत होता त्याच वाटांच्या तळाशी धातू सापडला. माझं 'उफाळलेलं वाया' हे तत्त्व तिथल्या तिथे निकालात निघालं.

मग तिथे घडलं काय? वर येताना तो शिलारस कोळशाच्या आणि समुद्र आटून साचलेल्या अनहायड्राइटच्या थरांतून गेला. त्या थरांत गंधक भरपूर. शिलारसात गंधक विरघळण्याला मर्यादा असते. ती ओलांडली की गंधक-लोहाचे जड थेंब वेगळे होतात. निकेल, तांबं, प्लॅटिनम, पॅलेडियम यांची या थेंबांशी विलक्षण सलगी. सभोवतालच्या रसातून ते धातू खेचून घेतात, आणि जितका नवा रस अंगावरून वाहत जाईल तितके आणखी खेचतात. ताकात लोणी कणाकणानं असतंच, ते घुसळून एका गोळ्यात यावं लागतं. इथे वाहता रसच घुसळण करत होता. अडणं किंवा धावणं हा मुद्दाच नव्हता. धातूला पळवून नेणारा कुणी भेटला का, हा होता. चिलीत पाणी भेटलं, नोरिल्स्कला गंधक.

अभियंत्यांचा पुढचा प्रश्न उघड होता: मग आपल्या बेसॉल्टला गंधक भेटलं नसेल कशावरून? इथे त्यांच्याशी भांडायला मला पुरावा मिळाला आणि तो मी जरा जास्तच आनंदानं वापरला. भूशास्त्रज्ञ रीड कीज आणि पीटर लाइटफूट यांनी सायबेरिया आणि दख्खन या दोन्हीकडच्या लाव्ह्यांची तुलना केली आहे. नोरिल्स्कच्या परिसरातल्या काही थरांत निकेल आणि तांबं ठळकपणे घटलेलं, प्लॅटिनमगटाचे धातू तर जवळपास गायब. खाली चोरी झाली, तिची नोंद वरच्या लाव्ह्यानं ठेवली. सह्याद्रीतल्या बुशे नावाच्या थरांनी वर येताना कवचाचा बराच खडक गिळलेला आहे, तरीही त्यांतला धातू जागच्या जागी आहे. नुसता परका खडक गिळून भागत नाही, गंधकच लागतं. विदर्भात ट्रॅपखाली, म्हणजे या लाव्ह्याच्या थरांखाली, कोळसा आहे हे खरं, पण गोंडवन कोळशात गंधक कमी असतं, वीजकेंद्रवाल्यांना विचारा. थोडक्यात, दख्खनचं तांबं कुणी पळवलं नाही म्हणूनच ते टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम या बेतानं सगळीकडे सारखं वाटलेलं राहिलं.

या काळ्या दगडानं एक खनिज मात्र दिलंच: बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर आणि खाली रत्नागिरीकडे पावसानं युगानुयुगं बेसॉल्ट धुऊन काढला. सिलिका, चुना, मॅग्नेशिया वाहून गेले आणि मागे अ‍ॅल्युमिनियम राहिलं. दगडात चौदाएक टक्के असलेलं अ‍ॅल्युमिना बॉक्साइटात चाळीस-पन्नास टक्क्यांवर गेलं. म्हणजे इथेही जमवाजमव केली ती पाण्यानं, आणि तीही ज्वालामुखी शांत झाल्यावर. वेर्नर यांना बरं वाटलं असतं.

खोदण्याचा आग्रह मोडून काढायला मी निघालो होतो. पण महाराष्ट्रातल्या धातूंच्या जागा नकाशावर एकेक करून पाहू लागलो तसा माझाच पाय घसरला. कणकवलीजवळचं क्रोमाइट, सूरजागडचं लोखंड, भंडारा-नागपूरचं मँगनीज, चंद्रपूरच्या ठाणेवासनाचं तांबं. सीमेपलीकडे बालाघाटात मलांजखंड, सुमारे अडीच अब्ज वर्षं जुन्या ग्रॅनाइटमधला देशातला सर्वांत मोठा तांब्याचा साठा. सगळी मंडळी ट्रॅपच्या कडेला किंवा बाहेर, कितीतरी जुन्या खडकांत. यांतलं क्रोमाइट आणि मलांजखंडचं तांबं शिलारसाशी नातं सांगतं, मँगनीज आणि लोखंड मुळात पाण्यातल्या गाळाचं. हे जुने खडक ट्रॅपच्या काठाशी येऊन संपत नाहीत. धारवाडच्या खडकांचे पट्टे कर्नाटकातून उत्तरेकडे सरळ लाव्ह्याखाली शिरतात. ट्रॅपनं आपल्याला काय दिलं हा प्रश्न मी उगाच इतका वेळ चघळला. त्यानं काय झाकलं, हा विचारायला हवा होता. खोदावं हे अभियंत्यांचं म्हणणं मला आता मान्य आहे, फक्त ते लाव्ह्यासाठी खोदायला निघाले होते आणि मला त्याच्या खालचं हवंय.

या झाकणाखाली माणूस मुद्दाम डोकावला आहे तो बहुतेक भूकंपांमुळे. कोयनेला १९६७ च्या धक्क्यानंतर अभ्यास सुरू झाला तो पुढे तीन किलोमीटर खोल विवर घेण्यापर्यंत गेला. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट-नाइस लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत विवर घेतलं, तिथे बेसॉल्ट अवघा ३३८ मीटर. विदर्भाच्या काठाकडे तर झाकण पातळ होत होत संपतंच. नोरिल्स्कचे खाणकामगार आज बर्फाळ प्रदेशात एक किलोमीटरहूनही खोल उतरतात. किल्लारीचे ३३८ मीटर त्यांना जिन्यावरून उतरल्यासारखे वाटतील.