मरणाविषयी बोलणे अभद्र आहे काय?



आज घरी गेल्यावर आपल्या वडिलांना एक प्रश्न विचारून पाहा. "उद्या तुम्हांला बोलता आले नाही, तर तुमच्या वतीने कोणी ठरवायचे?" वडील उत्तर देण्याआधी आतून आई ओरडेल, "असलं अभद्र बोलू नये!" आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देव्हारा रिकामा केला, श्राद्ध-पिंडदान सोडले. परंतु मरणाचे नाव काढले की मरण दारात येते, ही भीती मात्र आपण गाठोड्यात बांधून बरोबर आणली आहे.

मीही आणली होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या आबांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, पुढे शुद्धही गेली. दवाखान्याचा खर्च सुरू झाला आणि आबांचे पेन्शनचे खाते एकट्याच्या नावावर. आईचे नामनिर्देशन होते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. कारकुनाने समजावले, नामनिर्देशन माणूस गेल्यावर कामाला येते. तो जिवंत असताना नाही. कारकुनाचे बरोबर होते, आम्हांलाच ठाऊक नव्हते.

पैशाचे कसेतरी निभावले. नवव्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, कृत्रिम श्वासाचे यंत्र लावायचे काय? आशा फारशी नाही, असेही ते म्हणाले. मोठ्या भावाने माझ्याकडे पाहिले. घरात बी. ए., बी. एड. झालेला मी एकटा. आपल्या वस्त्यांत पहिला पदवीधर म्हणजे वकील, डॉक्टर, तलाठी सारे काही तोच. मी म्हणालो, नको. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज कानी आला, "दादाने खर्च बघितला." मला तिचा राग आला नाही. तीच गोष्ट मी रात्री स्वतःला विचारीत होतो. आबांना काय हवे होते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. चाळीस वर्षे एका घरात राहून कोणी विचारलेच नव्हते.

वाचकहो, मृत्युपत्र वगैरे गोष्टी श्रीमंतांच्या, असे आपण समजतो. माझे मत आता निराळे आहे. मागे राहणाऱ्यांच्या डोक्यावर दोष राहू नये, यासाठी हे कागद असतात. भगवंतांच्या अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग आठवा. चुंद लोहाराच्या घरचे भोजन घेतल्यावर त्यांचे दुखणे बळावले. कुशिनाऱ्याच्या वाटेवर ऐंशी वर्षांचे ते थकलेले शरीर, आणि चिंता कोणाची? चुंदाची. लोक त्याला बोल लावतील, तोही स्वतःला लावून घेईल, म्हणून त्याचा पश्चात्ताप कसा दूर करायचा हे त्यांनी आनंदाला आधीच सांगून ठेवले. आमच्या घरी असा शब्द कोणी ठेवून गेले नव्हते.

असा शब्द कायद्याने ठेवता येतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि उपचारांविषयीचे इच्छापत्र मान्य केले. त्यातील कटकट जानेवारी २०२३ मध्ये कमी केली. आता सज्ञान व शुद्धीवर असलेल्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करावी, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावे त्यात लिहावीत. तरीही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावाचून यंत्र काढता येत नाही. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील यात मोडते काय, असे एका उपासकाने मला विचारले. प्रश्न खरा आहे. पण बरे न होणाऱ्या शरीराला यंत्राने थोपवून न धरणे वेगळे आणि विषाची सुई टोचणे वेगळे. न्यायालयानेही हा भेद केला आहे.

कुलमुखत्यारपत्रावर मात्र विसंबू नका. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची बुद्धी गेली की ते संपते. ज्या दिवशी खरी गरज, त्याच दिवशी तो कागद निकामी! त्यापेक्षा पती-पत्नीचे खाते दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे करून घ्या.

आता मालमत्ता. सिगालोवाद सुत्तात आईबापांच्या कर्तव्यांत योग्य वेळी मुलांना वारसा सोपवणे हेही सांगितले आहे. धर्मांतराने वाटा जातो अशी धमकी काही भावकी देते. ती खोटी आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. मृत्युपत्र करायचे तर साधा कागद चालतो. सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणाची धास्ती असेल तर करावी. आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल तर आधी वारस नोंद करा.

एक गोष्ट मनाला लागते. पंचशील म्हणणाऱ्या घरांतही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, वर तिला साडी नेसवतात. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडवले हेही एक होते. त्यांच्या तसबिरीखाली बसून ती सही घेताना हात कसा कापत नाही?

मागील महिन्यात मी आईला विचारले. प्रथम ती रागावली. दोन दिवस गेले. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "मला यंत्रं लावू नका. अन् लेकीला विचारल्याशिवाय काय बी ठरवू नका." कागदावर माझे आणि बहिणीचे नाव घातले. बहीण आली तेव्हा तो वाचून दाखवला. तिने तो हातात घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचला आणि म्हणाली, "दादा, आबांना असं का नाही विचारलं रे आपण?"