दारावरची प्रार्थना



मागच्या अभ्यासवर्गात एका ताईंनी विचारलं, साथीत ताईत बांधणं ही श्रद्धा की भीती? उत्तर शोधता शोधता आम्ही पोचलो थेट १६६५ च्या लंडनला.

तिथे प्लेग होता. आदल्या हिवाळ्यात धूमकेतू दिसलेला, त्यामुळे भविष्य सांगणाऱ्यांची चलती. लोक गळ्यात सोमलाची पुडी नाहीतर वाळवलेला बेडूक बांधत, कागदावर ‘अब्राकाडाब्रा’ त्रिकोणात लिहून जवळ ठेवत. सॅम्युअल पेपिस हा नौदलाच्या कचेरीतला शिकलेला माणूस, पण बंद घरं पाहून त्यानेही तंबाखू विकत घेऊन हुंगली, चघळली. आपल्याला हसू येतं. पण प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये, हाँगकाँगला. घाबरलेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी लागतंच.

आम्ही अडलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. रोगी निघाला की त्या घराच्या दारावर फूटभर तांबडा क्रॉस काढायचे आणि वर लिहायचे, देवा, आमच्यावर दया कर. मग दार बंद, बाहेर पहारेकरी. ४० दिवस, आतल्या धडधाकट माणसांसकट! साथ पसरू नये म्हणून केलं, त्याला सरसकट वाईट म्हणवत नाही. पण ती प्रार्थना कुणासाठी? आतल्यांसाठी, की बाहेरून घाईने जाणाऱ्यांसाठी?

ग्रहताऱ्यांवर विश्वास म्हणून माणसं अशी वागली, असंही म्हणता येत नाही. विल्यम लिली हे नावाजलेले ज्योतिषी त्या वर्षी लंडन सोडून खेड्यात गेले. त्याआधी १५९२ च्या प्लेगात सायमन फोरमन, तेही ज्योतिषीच (वागणूक काही आदर्श नव्हती बरं का), बरेच वैद्य गाव सोडून गेले तरी राहिले, रोग्यांना औषध देत राहिले. स्वतःलाही प्लेग झाला, त्यातून उठले. दोघांची विद्या तीच.

हे वाचताना आम्हा सगळ्यांना आमच्या कॉलनीतल्या काकू आठवल्या. कोरोनात त्यांच्या दारावर कागद चिकटवला होता. आम्ही रोज रात्री ग्रुपवर जपाची संख्या टाकत होतो, त्यांना स्तोत्रं पाठवत होतो. चौथ्या दिवशी एकीने फोन केला. काकू म्हणाल्या, “स्तोत्रं सगळी ऐकली गं. दूध मात्र सोमवारीच संपलंय.”